परक्या देशातील शाळा, आईवडिलांच्या अपेक्षा आणि मुलांकडे आलेले दुभाष्याचे काम

पैलतीर

सर्वांना नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे आणि पुढच्या वर्षी त्याची शाळेची शेवटची मोठी परीक्षा आहे. आईबाबांचे म्हणणे असे की, तो अभ्यासात मन घालत नाही आणि शाळेतल्या नाटकाच्या तालमींत वेळ दवडतो. त्याचे म्हणणे असे की, घरात त्याच्या शाळेविषयी कोणाला काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. सोळाव्या वर्षी असे खटके कोणत्याही घरात उडतात. परंतु देश बदलून आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत त्यांना आणखी एक कारण असते आणि पालकांच्या आपापसातल्या बोलण्यात ते फारसे येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हे कारण म्हणजे मुलाला घरासाठी करावे लागणारे दुभाष्याचे काम. भाऊ शाळेतून आला की खांद्यावरची पिशवी खाली ठेवण्याआधीच बाबा त्याच्या हातात टपाल देतात. त्यात विमा कंपनीचे पत्र असते, भाडेकराराची सूचना असते, कर खात्याने मागितलेला एखादा जुना कागद असतो. तो दारातच उभ्याने पत्र वाचतो, अर्थ सांगतो आणि पुष्कळदा फोनही त्यालाच लावावा लागतो. बराच वेळ थांबल्यावर पलीकडून माणूस बोलू लागला की तो आधी बाबांची जन्मतारीख आणि खाते क्रमांक सांगतो. दोन्ही त्याला पाठ झाले आहेत. एखादा अर्ज नामंजूर झाला असेल, तर पलीकडच्या माणसाचा रुक्षपणा आणि बाबांचा संताप यांच्या मध्ये तो सापडतो आणि दोघांचेही शब्द थोडे मवाळ करून एकमेकांना पोचवतो. हे सगळे आटोपून जेवणे झाल्यावर तो वही उघडतो. दुसऱ्या दिवशी बोलणे निघते तेव्हा मात्र एवढेच लक्षात राहिलेले असते की, काल रात्री नऊपर्यंत याने पुस्तक हातात घेतले नव्हते.

त्याच्या वयाची असताना हेच काम माझ्याकडे होते. त्यातला सर्वांत अवघड प्रसंग पालकसभेचा असे. शिक्षक माझ्याविषयी जे बोलत, ते मीच आईला सांगायचे आणि आई जे विचारी, ते मीच शिक्षकांना सांगायचे. माझ्याविषयीची तक्रार माझ्याच तोंडून ऐकताना आईला ती कितपत खरी वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडे. त्या बैठकीत आईला शिक्षक कधी खऱ्या अर्थाने भेटलेच नाहीत आणि शिक्षकांनाही आई भेटली नाही.

या विषयावर 1990 च्या दशकापासून बरेच संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष एकसुरी नाहीत. घरात जिव्हाळा असेल, काम झेपण्याजोगे असेल आणि त्याची दखल घेतली जात असेल, तर या कामातून मुलांचा आत्मविश्वास वाढतो आणि आईवडिलांविषयीची समजही वाढते. काम सतत येत असेल, त्यात पैशाचे, आजाराचे किंवा कायद्याचे गंभीर प्रश्न असतील आणि घरात आधीच ताण असेल, तर तेच काम चिंता वाढवते. म्हणजे प्रश्न कामाच्या प्रकाराचा आणि प्रमाणाचा आहे आणि ते ठरवणे मोठ्यांच्या हातात आहे.

आईबाबांनी अपेक्षा कमी कराव्यात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या मुलाकडून एवढी अपेक्षा आहे, त्याचा वेळ कुठे जातो हे आधी पूर्णपणे मोजले जावे आणि त्याच्या शाळेची माहिती आईबाबांना त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडूनही मिळावी, इतकेच माझे म्हणणे आहे. आपल्यापैकी कोणी हे काम मुलांकडून काढून घेतले आहे का, आणि घेतले असल्यास कसे, हे जाणून घ्यायचे आहे.


खडूफळा

पैलतीरताई, महत्त्वाचा विषय मांडलात. मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले दुसऱ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतली आहेत, त्यामुळे शिक्षकाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. मूल शेजाऱ्यांशी, दुकानात, फोनवर अस्खलित बोलते, हे पाहून पालकांना वाटते की भाषेची अडचण संपली, आता गुण कमी पडले तर तो आळसच असणार. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून या दोन क्षमतांमधला फरक सातत्याने मांडला आहे. रोजच्या बोलण्याची भाषा नव्या देशात साधारण दोन वर्षांत येते; परंतु इतिहासाचा उतारा वाचून त्यावर युक्तिवाद लिहिण्यासाठी किंवा विज्ञानातील प्रयोगाचा निष्कर्ष नेमक्या शब्दांत मांडण्यासाठी लागणारी भाषा वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. बाराव्या-तेराव्या वर्षी देश बदललेल्या मुलाची शाळा ती बरोबरी साधण्याच्या सुमारासच संपते. हे मूल विम्याच्या माणसाशी सहज बोलत असेल आणि त्याच आठवड्यात त्याचा निबंध व्याकरणाच्या चुकांनी भरलेला असेल, तर त्यात विसंगती काहीच नाही.

दुसरी गोष्ट पालकसभेची. मुलाला दुभाषी म्हणून बसवणे आम्हा शिक्षकांनाही नको असते. अनेक ठिकाणी शाळेने दुभाष्याची सोय करावी, असा नियम किंवा निदान प्रघात असतो. मात्र पालकांनी आधी मागणी नोंदवावी लागते आणि ती कुठे नोंदवायची हे सांगणारे पत्र पुन्हा शाळेच्याच भाषेत असते. आपल्याला आपल्या भाषेचा दुभाषी हवा आहे, एवढे एक वाक्य शाळेच्या कार्यालयात लिहून द्यावे. भेटीच्या किमान आठवडाभर आधी ते दिलेले बरे, कारण बाहेरून माणूस किंवा दूरध्वनीवरचा दुभाषी ठरवायला तेवढा वेळ लागतो.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोझ्को यांनी अमेरिकेत 1997 पासून पाच वर्षे सुमारे चारशे स्थलांतरित मुलांचा मागोवा घेतला होता. नव्याने आलेली मुले सुरुवातीला अतिशय उत्साहाने शिकत होती, पण पुढे त्यांच्यापैकी अनेकांचे गुण घसरत गेले. शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाशी, शिक्षकाशी किंवा समुपदेशकाशी, विश्वासाचे नाते असणे अशा वेळी मुलांना सावरून धरते, असे त्यांना आढळले. तुमच्या भावाच्या बाबतीत तो माणूस नाटक बसवणारा शिक्षक असण्याचीही शक्यता आहे. आईबाबांनी तालमी बंद करण्याआधी एकदा त्या शिक्षकांना भेटावे, असे मी आग्रहाने सुचवेन.


उंबरठा

मी दोन मुलांचा बाप आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे, ते स्पष्टपणे मांडतो.

मुलांवर अपेक्षांचे ओझे टाकतात म्हणून आमच्यासारख्या पालकांना सर्रास बोल लावला जातो. पण आम्ही अपेक्षा का ठेवतो, हे कोणी विचारत नाही. या देशात माझे नातेवाईक नाहीत, ओळखीपाळखी नाहीत, वडिलोपार्जित घर नाही. माझ्या मुलाच्या वर्गातल्या इतर मुलांना एखादे वर्ष वाया गेले तरी काकांच्या व्यवसायात किंवा आईच्या ओळखीने कुठेतरी जागा मिळते. माझ्या मुलाकडे शिक्षणाशिवाय दुसरे भांडवल नाही. माझ्या स्वतःच्या पदवीला इथे मान्यता मिळाली नाही आणि मी माझ्या शिक्षणाशी संबंध नसलेले काम करतो. ते मी मनापासून करतो, परंतु मुलाला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शाखेकडे वळवतो, ते हट्टापायी नाही. या शाखांच्या पदव्यांना प्रत्येक देशात मागणी असते आणि परवाना मिळाल्यावर आडनाव किंवा उच्चार आडवा येण्याचा संभव कमी असतो, असा माझा अनुभवातून बनलेला विचार आहे.

संशोधनाचा दाखला द्यायचाच तर ग्रेस काओ आणि मार्टा टिएंडा यांनी 1995 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांविषयी मांडलेला निष्कर्षही सांगायला हवा. स्थलांतरित आईवडिलांची मुले शाळेत चांगली कामगिरी करतात, यामागे आईवडिलांचा भविष्याविषयीचा दृढ आशावाद हे एक प्रमुख कारण असल्याचे त्यांनी दाखवले. आमची अपेक्षा मुलांना उभेही करते.

घरची कागदपत्रे वाचून दाखवणे हे तर मला कर्तव्यच वाटते. मुले त्यातून व्यवहार शिकतात. माझी मुलगी पंधराव्या वर्षी भाडेकरारातले कलम समजावून सांगते, याचा मला अभिमान आहे आणि तो मी तिच्यासमोर बोलूनही दाखवतो.


पैलतीर

उंबरठाकाका, तुमच्या लिहिण्यातला मोठा भाग मला मान्य आहे. तुम्ही मुलीचा अभिमान तिच्यासमोर बोलून दाखवता, यानेच पुष्कळ फरक पडतो. आमच्या घरात या कामाचा उल्लेखच होत नाही. अँड्र्यू फुलिग्नी आणि ईव्हा टेल्झर यांनी 2009 मध्ये किशोरवयीन मुलांच्या रोजच्या नोंदींवरून असे दाखवले होते की, घरासाठी काम केल्याने मुले दुःखी होतात असे नाही, उलट आपण चांगला मुलगा किंवा चांगली मुलगी असल्याची भावना त्यातून मिळत असेल तर ती अधिक आनंदी असतात. तुमची मुलगी बहुधा त्यांच्यापैकी असावी.

माझा मुद्दा त्यापुढचा आहे. अलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत यांनी 1992 मध्ये मायामी आणि सॅन दिएगो या भागांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते विशीत पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा गाठले. मुले नवी भाषा आणि रीतीभाती झपाट्याने शिकत गेली आणि आईवडील मागे राहिले, अशा घरांत भूमिकांची उलटापालट होते, असे त्यांनी मांडले. आईवडील माहितीसाठी मुलांवर अवलंबून राहतात आणि त्यांचा शब्द घरात चालेनासा होतो. जिथे मुलांनी नवी भाषा शिकतानाच घरची भाषाही चांगली टिकवली होती आणि आईवडीलही जमेल तसे नव्या समाजात शिकत होते, तिथे भांडणे कमी होती आणि मुलांच्या आकांक्षाही उंच होत्या.

मला हे आमच्या घरात स्पष्ट दिसते. भाऊ बाबांचे फोन करतो, बाबांच्या पगाराचा आकडा त्याला ठाऊक असतो, घरमालकाने मुदत दिली की नाही हेही त्यालाच आधी कळते. दिवसभर त्याच्यावर प्रौढ माणसासारखी भिस्त ठेवायची आणि मित्राच्या घरी राहायला जाऊ का असे त्याने विचारले की तू अजून लहान आहेस म्हणून सांगायचे, हे त्याला समजत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटवून सांगता येत नाही. तो उद्धटपणे उत्तर देतो तेव्हा आईबाबांना वाटते, इथल्या मुलांचे वारे लागले. मला वाटते, त्याचे मूळ घरातच आहे.

खडूफळासर, नाटकाच्या शिक्षकांना भेटण्याची सूचना मी बाबांपर्यंत पोचवली आहे.


निशिगंध

मी रुग्णालयात दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे या चर्चेत एक गोष्ट ठामपणे मांडणे मला आवश्यक वाटते. भाडेकरार वाचून दाखवणे आणि डॉक्टरांचे बोलणे सांगणे, ही दोन कामे एका पंगतीत बसवू नका.

ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये बालरुग्णांच्या 13 भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. दुभाष्यांकडून प्रत्येक भेटीत सरासरी 31 चुका झाल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच चुका उपचारांवर परिणाम करू शकतील अशा होत्या. प्रशिक्षण नसलेल्या, ऐनवेळी मदतीला घेतलेल्या माणसांच्या चुकांमध्ये अशा धोकादायक चुकांचे प्रमाण अधिक होते. औषध दिवसातून किती वेळा, किती दिवस, पोटात घ्यायचे की वरून लावायचे, अशा साध्या दिसणाऱ्या तपशिलांतच गफलत होते. अमेरिकेत 2016 पासूनच्या आरोग्यविषयक नियमांनुसार तातडीचा प्रसंग आणि दुसरा कोणी उपलब्ध नसणे ही परिस्थिती वगळता अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेता येत नाही, ते याच कारणासाठी. इतर अनेक देशांतही रुग्णालये स्वतःहून दुभाषी देतात. फक्त भेटीची वेळ ठरवतानाच तशी नोंद करावी लागते.

चुकांपेक्षाही मला दुसरी गोष्ट अधिक लागते. आईच्या तपासणीचा अहवाल मुलाला आईच्या आधी कळतो. मी खोलीत पोचेपर्यंत डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केलेली असते आणि चौदा-पंधरा वर्षांचे मूल आईकडे पाहत गप्प झालेले असते, असे मी पाहिले आहे. मी पुढे होऊन बोलू लागले की ते मूल खुर्चीत मागे सरकते. त्यानंतर ते आईचा हात धरू शकते, कारण आता शब्द शोधायची जबाबदारी त्याची राहिलेली नसते. आईलाही मग जे प्रश्न मुलासमोर विचारता आले नसते ते विचारता येतात आणि तिची इच्छा असेल तर आम्ही मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो.

त्यामुळे माझ्या मते आजारपण, न्यायालय, पोलीस, वास्तव्याच्या परवान्याची मुलाखत आणि मुलाची स्वतःची पालकसभा ही कामे मुलाकडे कधीही नसावीत. बाकीच्या कामांचे प्रत्येक घराने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. उंबरठाभाऊ, तुमच्या मुलीने भाडेकरार वाचायला माझी काही हरकत नाही. फक्त त्यावर सही करण्यापूर्वी तिचा अर्थ बरोबर आहे की नाही, हे एखाद्या मोठ्या माणसाकडून तपासून घ्या, म्हणजे पुढे काही चुकले तर त्याचा दोष पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनावर राहणार नाही.


झरोका

मी अशाच घरात वाढलो आणि आता नोकरी करतो. या धाग्यावर आतापर्यंत न आलेली एक बाजू मांडतो.

घरात येणारे शाळेचे प्रत्येक पत्र जर मूलच वाचत असेल, तर घराला शाळेविषयी काय कळायचे आणि काय नाही, हेही मूलच ठरवते. माझ्या वर्गातल्या अशा घरांतल्या मुलांपैकी कित्येकजण सहलीची पत्रे घरी दाखवतच नसत, कारण त्यांचे पैसे मागायला त्यांना संकोच वाटे. गुण कमी झाल्याचे पत्र आले तर ते नेहमीचेच पत्र म्हणून सांगितले जाई. काही मुले परवानगीच्या अर्जावर आईवडिलांच्या नावाने सहीही करत आणि शाळेला ती सही खरी वाटे, कारण पहिल्या दिवसापासून सगळ्या कागदांवर तीच सही गेलेली असे. यांतली बहुतेक मुले अतिशय जबाबदार होती. त्यांनी आईवडिलांना फसवायचे ठरवले नव्हते. घरी आधीच पुरेशा चिंता आहेत, त्यांत आपली एक कशाला घालायची, असा त्यांचा विचार असे.

आईवडिलांनी मुलांसाठी काय सोडले हे मुलांना ठाऊक असते. ते रोज पाहायला मिळते. बाबा थकून घरी येतात, आई परीक्षा देऊन मिळवलेल्या पात्रतेविषयी आता बोलतही नाही, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. त्यामुळे 'आम्ही तुझ्यासाठी सगळे सोडून आलो' हे वाक्य उच्चारण्याची गरज मुळात नसते आणि ते उच्चारले की मुलाला बोलायचे असते तेही तो गिळून टाकतो. गणित जमत नाही, वर्गात कोणी त्रास देते, रात्री झोप लागत नाही, यांतले काहीही सांगणे त्याला कृतघ्नपणाचे वाटू लागते. उंबरठाकाका, तुमच्या अपेक्षांमागचे कारण तुम्ही इथे जितक्या शांतपणे लिहिले आहे, तितक्याच शांतपणे मुलाला सांगितले असेल तर फारच चांगले. त्याला त्यातली भीती कळली पाहिजे. ती कळली तर तो तुमच्याशी वाद घालू शकेल, ज्या शाखेकडे त्याचा कल आहे तिच्यातून पोट भरता येते की नाही याची माहिती काढून तुमच्यासमोर ठेवू शकेल. ऋणाशी मात्र वाद घालता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात मुलाशी संबंधित बाबींमध्ये त्याचे मत ऐकून घेतले जावे आणि त्याचे वय व समज पाहून त्याला महत्त्व द्यावे, असे म्हटले आहे. आमच्यासारख्या मुलांचे मत फारसे कोणी विचारत नाही, पण इतरांचे म्हणणे सांगायला मात्र रोज बोलावले जाते, हे मला आजही अन्यायाचे वाटते.


सांजवाट

सगळे प्रतिसाद वाचले. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती अभ्यासात चांगली आहे, पण वर्गात तिचे डोळे मिटतात असे शिक्षिकेने कळवले आहे. हा निरोपही मला तिच्याकडूनच मिळाला आणि सांगताना ती रडली. ती शाळेतून आल्यावर धाकट्या भावाचा अभ्यास घेते, माझ्या कामाच्या ठिकाणचे अर्ज भरते, मग स्वतःचा अभ्यास करते आणि मध्यरात्रीनंतर झोपते. मी तिला नऊ वाजता झोपायला सांगितले तर तिला झोपच येत नाही. मला इथली भाषा बोलता येत नाही असे नाही, पण शिक्षिकेसमोर धीर होत नाही. माझ्यासारखीने सुरुवात कुठून करावी?


खडूफळा

सांजवाटताई, आधी झोपेविषयी सांगतो, कारण त्यात तुमच्या मुलीचा दोष नाही. किशोरवयात शरीराचे झोपेचे चक्रच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने 2016 मध्ये 13 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी 8 ते 10 तास झोप आवश्यक असल्याचे सांगितले आहे आणि तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत, अशी शिफारस केली होती. नऊ वाजता झोपण्याची सक्ती करून उपयोग होणार नाही. ती साडेदहाच्या सुमारास झोपू शकेल इतके काम तिच्या संध्याकाळीतून कमी करायला हवे. धाकट्या भावाच्या अभ्यासासाठी शाळेत किंवा सार्वजनिक ग्रंथालयात दुपारचा गृहपाठ वर्ग चालतो का, हे पाहावे. तो बहुधा विनामूल्य असतो आणि पालकांना त्याची माहिती नसते.

शिक्षिकेशी बोलण्याचा धीर होत नसेल तर लिहून द्या. दोन-तीन साधी वाक्ये पुरतात: मुलगी घरी बरीच मदत करते, ती मदत आम्ही कमी करत आहोत, मला दुभाष्यासह तुम्हाला भेटायचे आहे. व्याकरण चुकले तरी चालेल. आम्हा शिक्षकांना अशी चिठ्ठी मिळते तेव्हा वर्गात झोपणाऱ्या मुलीकडे आम्ही त्याच क्षणापासून वेगळ्या नजरेने पाहू लागतो, हे मी माझ्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. आणि ती चिठ्ठी मुलीला लिहायला सांगू नका.


उंबरठा

झरोका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शिक्षणाविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण रुग्णालयातल्या भेटींना मुलीला नेणे मी थांबवणार आहे आणि निशिगंधताईंनी सांगितल्याप्रमाणे पुढची वेळ घेतानाच दुभाष्याची नोंद करणार आहे. शाखेच्या निवडीविषयी मुलाशी बसून बोलायचे आहे. त्याला संगणकावरच्या चित्रांकनात रस आहे आणि त्या क्षेत्राची मला काहीही माहिती नाही. ती माहिती मुलाकडून न घेता कुठून मिळवावी?


पैलतीर

काका, शाळेच्या समुपदेशकांकडे ही माहिती असते आणि तिथेही दुभाषी मागता येतो.

आमच्या घरचे थोडे सांगते. टपालाचे दोन भाग करायचे ठरले आहे. विमा, कर आणि घराचे कागद आता माझ्याकडे येतील आणि मी आठवड्याच्या सुटीला बाबांसोबत बसून ते निकाली काढीन. भावाकडे फक्त किरकोळ पत्रे राहतील. आईने प्रौढांच्या भाषावर्गात नाव घातले आहे. बाबा त्याला तयार झालेले नाहीत, कामाच्या पाळ्यांमुळे त्यांना ते खरोखरच कठीण आहे आणि मी त्यांच्यामागे लागणार नाही. नाटकाच्या शिक्षकांची वेळ मिळाली आहे, विषयनिवडीची बैठकही त्याच दिवशी आहे आणि दोन्हींसाठी दुभाषी येणार आहे. भाऊ बैठकीला हजर राहील, पण फक्त स्वतःचे म्हणणे मांडण्यासाठी.

खडूफळासर, विषयनिवडीच्या बैठकीत बाबांनी नेमके काय विचारावे? त्यांना भीती आहे की आपल्याला कळायच्या आत काहीतरी ठरून जाईल.


खडूफळा

ही भीती रास्त आहे. पुष्कळ देशांत या वयातच मुलांना वरच्या आणि खालच्या पातळीच्या गटांत विभागले जाते आणि भाषेत कच्चे असलेले मूल त्याची गणिताची समज चांगली असूनही खालच्या गटात पडते. म्हणून बाबांनी प्रथम गणिताविषयी विचारावे: तो आत्ता कोणत्या पातळीवर आहे, ती पातळी कशाच्या आधारे ठरली आणि वरच्या पातळीवर जाण्याची शेवटची संधी कधी आहे. या वर्षी सोडलेले वरच्या पातळीचे गणित पुढे परत घेणे बहुतेक ठिकाणी अवघड असते आणि अभियांत्रिकीसारख्या अनेक शाखांची दारे तिथेच बंद होतात.

त्यानंतर प्रत्येक विषयाचे अंतिम गुण कसे धरले जातात, त्यात वर्षभराच्या कामाचा वाटा किती आणि परीक्षेचा किती, हे विचारावे, कारण अनेक पालक केवळ शेवटच्या परीक्षेकडे पाहत राहतात आणि वर्षभरात गुण निसटत गेलेले असतात. नाटक हा गुणांचा विषय आहे की ऐच्छिक उपक्रम, तेही तिथेच स्पष्ट होईल. प्रश्न घरीच तुमच्या भाषेत लिहून दुभाष्याला आधी द्यावेत आणि बैठकीत जे ठरेल ते लेखी मागून घ्यावे. तो कागद मात्र भावाला वाचायला लावू नका, तुम्हीच वाचा.